लोखंडी नांगर घ्यायला दोन वर्षे कुणी पुढं आलं नाही, तरी लक्ष्मणराव किर्लोस्कर हटले नाहीत

किर्लोस्करवाडी : विहिरीवरच्या पंपामुळं किर्लोस्कर हे नाव गावोगावी माहीत आहे. पण हे नाव ज्यांनी उभं केलं, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची सुरुवात किती अवघड होती, हे आजच्या पोरांना फारसं माहीत नाही.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग नीट ओळखू येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथं बढती डावलली गेली. नोकरी सोडून बेळगावला आले. थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान चालवलं आणि पुढं कडबा कापायचं यंत्र व लोखंडी नांगर बनवायला घेतला.

त्या काळी यंत्र म्हटलं की विलायतेहून यायचं. इथल्या माणसानं बनवलेल्या मालावर भरवसा कोण ठेवणार? त्यात लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष कालवतं, असा समज पसरलेला. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली.

तेवढ्यात बेळगावात कारखान्याची जागा गावाच्या वाढीसाठी गेली. बिऱ्हाड आणि यंत्रं घेऊन जायचं कुठं? अशा वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन कसली, नुसतं माळरान! निवडुंग माजलेलं, सापांचा सुळसुळाट. तो माळ साफ करून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची घरंही झाली. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी राखणीचं काम दिलं.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रं, पंप निघाले. आपल्या रानाला काय लागतं ते बघून माल बनायचा. म्हणून तो विलायती मालापुढं टिकला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. पलूस तालुक्यातल्या त्या माळावरचा कारखाना आजही चालू आहे. गावात राहून काही होत नाही म्हणणाऱ्या तरुणांनी एकदा तिकडं चक्कर मारून यावी.