पोप पायस बारावे आणि श्वासयंत्राचा प्रश्न

अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळत बसलेल्या कुटुंबांना आम्ही अनेकदा भेटतो. श्वासयंत्र काढण्यास होकार दिला तर आपल्या हातून पाप घडेल का, ही एकच चिंता त्यांच्या मुद्रेवर असते. या प्रश्नाला १९५७ सालीच उत्तर देणारे पोप पायस बारावे यांचे आज आपण स्मरण करू या.

युजेनिओ पाचेल्ली यांचा जन्म २ मार्च १८७६ रोजी रोम येथे झाला. १८९९ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९१७ पासून त्यांनी जर्मनीत पोपमहोदयांचे राजदूत म्हणून काम केले आणि १९३९ साली, आपल्या ६३व्या वाढदिवशी, ते पोपपदी निवडले गेले. महायुद्धकाळातील त्यांच्या भूमिकेविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. मात्र वैद्यकशास्त्राच्या नैतिक प्रश्नांचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने फुगा दाबून त्यांना श्वास पुरविला. कित्येकांचे प्राण वाचले. पुढे हे काम यंत्रे करू लागली. पण ज्यांच्या बरे होण्याची आशाच उरली नाही, त्यांचे काय? ऑस्ट्रियातील भूलतज्ज्ञ डॉ. ब्रुनो हाइड यांनी हे प्रश्न पोपमहोदयांपुढे मांडले.

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोपमहोदयांनी उत्तर दिले. जीवन व आरोग्य जपण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर वा इतरांवर असह्य भार टाकणारे असामान्य उपाय बंधनकारक नाहीत. रुग्णाच्या अनुमतीखेरीज डॉक्टरांना स्वतंत्र अधिकार नाही. आशा नसताना श्वासयंत्र काढणे म्हणजे दयामरण नव्हे. मृत्यूचा नेमका क्षण ठरविणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. यंत्र काढण्यापूर्वी, रुग्ण जिवंत असतानाच, अभ्यंग संस्कार द्यावा, असेही त्यांनी सांगितले.

९ ऑक्टोबर १९५८ रोजी कास्तेल गांदोल्फो येथे त्यांचे निधन झाले. दुर्दैवाने त्यांच्याच वैद्याने त्यांच्या अखेरच्या घटकांची छायाचित्रे वृत्तपत्रांना विकली. मरणासन्न माणसाची प्रतिष्ठा त्याच्या उशाशी असलेल्यांच्या हाती असते, याची ही कटू साक्ष होय.

दयामरण ख्रिस्तसभेला कदापि मान्य नाही. परंतु निष्फळ उपचार थांबविणे म्हणजे आप्ताला टाकून देणे नव्हे. शुश्रूषा, वेदनाशमन आणि प्रार्थना अखेरपर्यंत चालूच राहतात. म्हणून आपली इच्छा धडधाकट असतानाच घरच्यांना सांगून ठेवू या. निर्णयाचा तो कठीण क्षण आला, तर त्यांच्या मनावर अपराधाचे ओझे राहणार नाही.