विश्रांतीच्या दिवशीचा चढ

मे महिन्यात आमची गिर्यारोहणाची तुकडी कुमाऊँला निघाली, तेव्हा पुष्पक एक्स्प्रेसने आम्ही लखनौला उतरलो. काठगोदामची गाडी रात्री होती. तोपर्यंत चारबाग स्थानकावर आपापल्या सॅकवर बसून राहायचे. (हे स्थानक वरून बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणतात. आम्हाला खालून घुमट आणि गर्दी एवढेच दिसले.) वेळ जाईना म्हणून कुणीतरी कार्यक्रमपत्रिका काढली. चौथ्या दिवसापुढे लिहिले होते : विश्रांती, सकाळी 300 मीटर चढणे, दुपारी तळावर परत. आम्ही खूप हसलो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मेजर नंदू जयाल यांचे नाव घेतले आणि त्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. शाळेत परतल्यावर मी ग्रंथालयात आणखी वाचले.

नरेंद्र धर जयाल यांचा जन्म 1927 चा. सगळे त्यांना नंदूच म्हणत. डेहराडूनच्या दून स्कूलमध्ये ते शिकले. तिथे गिब्सन, मार्टिन, होल्ड्सवर्थ असे शिक्षक होते की ज्यांची सुट्टी डोंगरातच जायची. होल्ड्सवर्थ तर 1931 मध्ये कामेत शिखरावर पहिल्यांदा पोचलेल्यांपैकी एक. असे गुरू मिळाले तर मुलगा आणखी काय होणार! 1946 मध्ये नंदू गिब्सनसरांबरोबर बंदरपूँछला गेले. त्या तुकडीत तेनसिंगही होते, पण तेव्हा जगाला त्यांचे नाव माहीत नव्हते.

पुढे ते सैन्यात बंगाल सॅपर्समध्ये अधिकारी झाले. 1951 मध्ये फ्रेंच गिर्यारोहक नंदादेवीवर आले, तेव्हा त्यांच्याबरोबर संपर्क अधिकारी म्हणून जयाल होते. त्या मोहिमेत ड्युप्ला आणि विन्ये हे दोघे शिखराच्या वाटेवर नाहीसे झाले. पर्वतावर माणूस कसा जातो, हे त्यांनी तरुणपणीच जवळून पाहिले.

1953 मध्ये एव्हरेस्ट सर झाले आणि दुसऱ्याच वर्षी 4 नोव्हेंबरला दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेनसिंग प्रशिक्षणाचे प्रमुख आणि जयाल पहिले प्राचार्य. वय अवघे 27. त्याआधी दोघेही स्वित्झर्लंडला जाऊन शिकून आले होते. तोपर्यंत हिमालयात मोहिमा बहुतेक परदेशी लोकांच्या असत आणि आपली माणसे ओझी वाहत. आता आपल्याच मुलांना दोर कसा बांधायचा, बर्फात पायरी कशी खोदायची हे आपल्याच संस्थेत शिकता येऊ लागले. जयाल यांनी नुसते शिकवले नाही. 6 जुलै 1955 रोजी ते स्वतः 7756 मीटरच्या कामेतवर पोचले. 24 वर्षांपूर्वी त्यांचे शिक्षक जिथे उभे होते, तिथेच. मला त्यांच्या आयुष्यातली हीच गोष्ट सगळ्यांत आवडते. 1957 मध्ये त्यांनी नंदादेवीचा प्रयत्न केला, पण शिखर मिळाले नाही.

1958 मध्ये मुंबईचे वकील केकी बनशा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडी चो ओयूला गेली. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावरची ही आपली पहिली मोहीम. जयाल मागाहून निघाले आणि तुकडीला गाठण्यासाठी झपाझप वर गेले. दमसास दांडगा होता, पाय तयार होते. पण हवेतला प्राणवायू कमी झाला की रक्ताला आणि फुप्फुसांना जुळवून घ्यायला दिवस लागतात, आणि ते दिवस मोठ्या गिर्यारोहकालाही माफ नसतात. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले. 28 एप्रिलला ते गेले. अजून 31 वे वर्षही पूर्ण झाले नव्हते. 15 मे रोजी त्याच तुकडीतले सोनम ग्यात्सो आणि पासांग दावा लामा शिखरावर पोचले.

तेव्हा या आजाराला बहुतेक वेळा न्यूमोनियाच समजत. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्यावर लेख लिहिला तो 1960 मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिरा. 1962 च्या युद्धात आपले जवान सपाटीवरून थेट उंचावर गेले आणि त्यांच्यातल्या अनेकांना हाच आजार झाला. मग आपल्या लष्करी डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला. आज सैन्यात 2700 मीटरवर गेले की सहा दिवस थांबावे लागते. पहिले दोन दिवस विश्रांती, नंतर सपाटीवर चालणे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी 300 मीटरपर्यंत सावकाश चढून परत. आम्ही चारबागला ज्याला हसलो होतो, तो आकडा हाच. थोडे वर जाऊन यायचे आणि झोपायला खाली यायचे, म्हणजे शरीराला पुढच्या उंचीची ओळख होते.

चौथ्या दिवशी सकाळी माझे डोके दुखत होते. मी सांगणार नव्हतो, पण सरांनी नाश्त्याच्या वेळी चेहरा पाहिला आणि मला तळावरच ठेवले. मला रागच आला. तंबूबाहेर बसून मी वर जाणारी मुले मोजत राहिलो. चौदा होती. दुपारी जेवणाच्या आधी चौदाही जण खाली आले, आणि त्यांतल्या दोघांनी माझ्या वाटचा गूळ-शेंगदाणा खाऊन टाकला होता.