टायको ब्राहे आणि नवा तारा

डेन्मार्क देशातील एका सरदार घराण्यात १४ डिसेंबर १५४६ रोजी टायको ब्राहे याचा जन्म झाला. अशा घराण्यातील मुलांनी तलवार गाजवावी किंवा दरबारी मानाचे पद भूषवावे, अशी त्या काळची रीत होती. त्याच्या चुलत्याने त्याला कायदा शिकण्यासाठी जर्मनीतील लाइपझिग येथे धाडले व देखरेखीस एक शिक्षक दिला. शिक्षक झोपी गेला, की टायको हळूच उठे आणि ताऱ्यांचे वेध घेत बसे. १५६३ साली गुरू व शनी हे ग्रह आकाशात अगदी जवळ आले. जुन्या कोष्टकांनी वर्तविलेला या युतीचा दिवस जवळजवळ एक महिन्याने चुकला! सोळा वर्षांच्या टायकोला ही चूक बोचली. नित्यनेमाने, अचूक वेध घेतल्याखेरीज खरे आकाश कळणार नाही, अशी त्याची खात्री झाली.

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी घरी परतत असता त्याने सहज वर पाहिले. शर्मिष्ठा तारकासमूहात एक तेजस्वी तारा झळकत होता. आकाशाचा हा भाग टायकोला तोंडपाठ होता. तेथे असा तारा पूर्वी कधीच नव्हता. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने नोकरांना विचारले, वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्यांनाही विचारले. तारा सर्वांनाच दिसत होता.

चंद्रापलीकडील आकाशात कधीही काही बदलत नाही, असे युरोपातील विद्वान ॲरिस्टॉटलच्या काळापासून मानीत आले होते. म्हणून हा प्रकाश चंद्राच्या अलीकडचा असावा, असे अनेकांनी ठरवून टाकले. टायकोने मात्र मोजून पाहिले. तुम्ही हाताचे बोट डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. मागील भिंतीवर बोट सरकल्यासारखे दिसेल; बोट जितके दूर, तितके सरकणे कमी. पृथ्वी फिरत असल्यामुळे एका रात्रीत आपणही आकाशाकडे वेगवेगळ्या जागांवरून पाहतो. नवा तारा चंद्राइतका जवळ असता, तर शेजारच्या ताऱ्यांमध्ये तो निदान चंद्रबिंबाच्या रुंदीइतका सरकलेला दिसला असता. टायकोच्या मोजमापांत तो मुळीच सरकला नाही. अर्थात तो चंद्राच्या फार पलीकडे होता! ग्रंथ लिहिणे हे सरदारास शोभणारे नव्हे, या समजुतीने टायको काही काळ घुटमळला. पण १५७३ साली त्याने आपले पुस्तक छापलेच.

ताऱ्याची दूरता सिद्ध झाली, तरी त्याने लेखणी खाली ठेवली नाही. प्रारंभी हा तारा शुक्राइतका तेजस्वी असून भर दिवसाही दिसे. डिसेंबरात तो गुरूएवढा झाला, पुढे मंद होत गेला आणि मार्च १५७४ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा पांढरा रंग पिवळा व मग तांबूस कसा झाला, हेही टायकोने टिपून ठेवले.

पुढे डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या ह्वेन बेटावर त्याने मोठी वेधशाळा उभारली. दुर्बीण तेव्हा नव्हती. स्वभावाने तो गर्विष्ठ होता. बेटावरील कुळांना त्याने फार राबविले. नव्या राजाशी न पटल्याने १५९७ मध्ये त्याने देश सोडला. २४ ऑक्टोबर १६०१ रोजी प्राग येथे त्याचा अंत झाला. पृथ्वी स्थिर आहे हे त्याचे मत चुकीचे ठरले. तथापि त्याच्याच नोंदींवरून केप्लरने ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखविले.

तो नवा तारा म्हणजे वस्तुतः एका जुन्या ताऱ्याचा स्फोट होता. आज शास्त्रज्ञ असे स्फोट संगणकावर घडवून पाहतात. शिकागो विद्यापीठात तयार झालेली ‘फ्लॅश’ ही अशीच एक आज्ञावली. ती ताऱ्याचे असंख्य लहान कप्पे पाडते. प्रत्येक कप्प्यातील उष्णता, दाब व घनता क्षणाच्या अगदी बारीक अंशाने पुढे पुढे मोजत जाते. मूळ स्फोट काही सेकंदांत आटोपतो. त्यात निकेलचा एक अस्थिर प्रकार निर्माण होतो. त्याचे कोबाल्ट व कोबाल्टचे लोखंड होताना जी ऊर्जा सुटते, तिच्यामुळे तारा महिनोन्‌महिने प्रकाशतो आणि सावकाश विझतो. टायको दीड वर्ष जे मावळणे लिहीत होता, ते हेच! पण असे गणित खरे की खोटे, हे कशावरून ठरवायचे? प्रत्यक्ष स्फोटाच्या नोंदींशी ते ताडून पाहावे लागते आणि टायकोच्या नोंदी त्या कामी आजही उपयोगी पडतात.

त्या स्फोटाचा काही प्रकाश दूरच्या धुळीच्या ढगांवरून परावर्तित होऊन, लांबची वाट चालून, पृथ्वीकडे येत होता. २००८ साली हवाई बेटांवरील सुबारू दुर्बिणीने तो पकडला. श्वेत बटू म्हटल्या जाणाऱ्या लहान, घट्ट ताऱ्याचा तो स्फोट होता, हे त्या प्रकाशाच्या पृथक्करणावरून निश्चित झाले. टायकोने वर पाहिले, त्याला तेव्हा ४३६ वर्षे होत आली होती.