ट्रॉम्बेची अप्सरा
1939 साली सुट्टीसाठी केंब्रिजहून मायदेशी आलेले होमी भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. 1945 मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. खरी कसोटी मात्र मुंबईच्या पूर्व उपनगरात, ट्रॉम्बेला लागली. अणुभट्टी बांधण्याचा अनुभव देशात कोणाच्याच गाठीशी नव्हता. तयार भट्टी विकत घेतली तर शिकणार कोण? समृद्ध युरेनियमचे इंधन तेवढे ब्रिटनकडून घेऊन आराखडा, बांधणी आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्यांनी येथल्याच तरुण अभियंत्यांवर सोपविली. पाण्याच्या कुंडातील ही ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. जमाखर्चात हा व्यवहार महागडा दिसला असेलही; पण त्यातून हात बसलेली माणसे मिळाली, आणि गरीब देशाला भांडवलाइतकीच त्यांची चणचण असते. 24 जानेवारी 1966 रोजी भाभा विमान अपघातात गेले. अप्सरा 2009 पर्यंत चालली.