आनंदवनाचे बाबा

आजचा चंद्रपूर जिल्हा पूर्वी चांदा या नावाने ओळखला जाई. त्या जिल्ह्यातील वरोरा या लहानशा गावी मुरलीधर देवीदास आमटे नावाचे एक तरुण वकील राहत असत. घरी त्यांना बाबा म्हणत. तेच नाव पुढे सर्वतोमुखी झाले. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जमीनदार घराण्यात झाला. वकिली चांगली चालली होती; परंतु त्यांचे मन तीत रमेना. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला.

ते दिवस चालू असतानाच, एका पावसाळी रात्री, रस्त्याच्या कडेला पडलेला एक महारोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याचे नाव तुळशीराम. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. ते दृश्य पाहून बाबा घराकडे पळत सुटले. ज्यांचे धैर्य पाहून गांधीजींनी अभयसाधक हे नाव दिले होते, ते बाबा भ्याले! मात्र या भित्रेपणाची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत आले. त्यांनी तुळशीरामाला आडोसा करून दिला व त्याची शुश्रूषा केली.

महारोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वे देशातील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ सालीच दाखवून दिले होते. तरीही लोक त्याला पापाचे फळ मानीत आणि रोग्याला घराबाहेर काढीत. बाबा कलकत्त्यास जाऊन उपचार शिकले. तेथे प्रयोगासाठी त्यांनी आपल्या देहात रोगाचे जंतूही टोचून घेतले. सुदैवाने त्यांना रोग जडला नाही.

१९४९ साली बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळ सरकारने पन्नास एकर खडकाळ जमीन दिली. १९५१ साली बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, दोन तान्ही मुले, सहा रोगी, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. भोवती झाडी, साप व विंचू. पाणी दूरवरून आणावे लागे. रोग्यांनी भिक्षेवर जगावे, हे बाबांना मान्य नव्हते. बोटे नसलेल्या हातांनी पहारी धरून त्यांनी खडक फोडला आणि विहीर खणली. शेते पिकू लागली. पण भाजी बाजारात नेली, तर ती घेणार कोण? रोग्यांनी पिकविलेल्या वस्तूला हात लावण्यास गावकरी धजत नसत.

१९५४ साली परदेशांतील अनेक स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. रोग्यांबरोबर ते जेवले आणि त्यांनी दवाखान्याची इमारत बांधली. ही नवलाई पाहण्यास वरोऱ्याचे लोक आले, आणि हळूहळू त्यांची भीड चेपली. मग भाजीलाही गिऱ्हाईक मिळाले. १९६४ साली आनंदवनात महाविद्यालय निघाले. ज्या गावाने रोग्यांना दूर ठेवले, त्याच गावची मुले तेथे शिकू लागली.

१९७३ साली बाबांनी भामरागडच्या घनदाट अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. हा भाग आज गडचिरोली जिल्ह्यात येतो. त्यांचे चिरंजीव डॉक्टर प्रकाश व सून डॉक्टर मंदाकिनी तेथे जाऊन राहिले. बाबांना मात्र पाठीच्या कण्याच्या व्याधीने बसणेही अशक्य केले होते; ते उभे तरी राहत, नाहीतर आडवे पडत. १९८५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला नाही; आनंदवनाच्या मातीतच त्यांचे दफन करण्यात आले.