पेट्रोलचा काटा आणि वालचंद हिराचंद : जुन्या गाडीमागच्या माणसाची गोष्ट

मोबाइलची बॅटरी किती टक्के आहे हे बघितल्याशिवाय आपण घराबाहेर पडत नाही. जुन्या गाडीत हेच काम डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा करायचा. मी न्हावऱ्याचा. आमच्या शिरूर-चौफुला पट्ट्यात अजूनही एखाद्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी उभी दिसते. इतक्या जुन्या गाडीचा काटा हलेनासा झाला, की आता पार्ट कुठं मिळणार म्हणून लोक तो विषय सोडून देतात. मला मात्र असा काटा दुरुस्त करताना दर वेळी वालचंद हिराचंद आठवतात. कारण प्रीमियर कंपनी त्यांनीच काढली. आज काटाही समजून घेऊ आणि माणूसही.

सोलापूरचा ठेकेदार

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घरात कापसाचा आणि सावकारीचा धंदा. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. घरच्या गादीवर बसायचं सोडून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. जोडीला लक्ष्मणराव फाटक, जे आधी रेल्वेत कारकून होते. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या टप्प्यापासून झाली. पुढे बोरघाटातले बोगदे खोदण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

1919 मध्ये त्यांनी भागीदारांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. 5 एप्रिल 1919 ला त्यांचं एसएस लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून कोंडी केली, तरी सिंदिया टिकली. 5 एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिवस आहे, तो याच प्रवासामुळे.

आमच्या भागाला ते आणखी जवळचे आहेत. याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, त्यांनी माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. तेच आजचं वालचंदनगर. आमच्या न्हावऱ्यात घोडगंगा साखर कारखाना आहे, त्यामुळे कारखान्याभोवती गाव कसं वाढतं हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

विमान, जहाज, मोटार

डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीनं त्यांनी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. तिचीच पुढे एचएएल झाली. पण युद्धाच्या धामधुमीत, 1942 मध्ये, सरकारनं तिचा ताबा घेतला. 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. तिथं बांधलेलं जलउषा 1948 मध्ये पाण्यात उतरलं.

मोटारीचा कारखाना काढायला त्यांना बरीच वाट बघावी लागली. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि 1947 मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली. सुरुवातीला बरेच भाग परदेशातून आणून इथं जोडले जायचे. हळूहळू एकेक भाग इथंच बनवायचा, हा पुढचा टप्पा होता. पुढे फियाटशी करार झाला आणि त्याच वाटेनं पद्मिनी आली. वालचंद मात्र ती बघायला नव्हते. 1949 मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि 8 एप्रिल 1953 ला ते गेले.

आता काटा कसा चालतो ते बघू

टाकीत एक फ्लोट असतो. पेट्रोल कमी-जास्त झालं की तो खाली-वर होतो आणि त्याला जोडलेला रेझिस्टन्स बदलतो. म्हणजे आपल्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखंच. तिथून एक वायर डॅशबोर्डच्या मीटरला जाते. परतीची वाट म्हणजे अर्थ, बऱ्याचदा टाकी आणि गाडीच्या बॉडीतूनच. गंज चढला की ही परतीची वाट अडते आणि मीटर चांगला असूनही काटा खोटं बोलतो.

तपासणी उघड्यावर करा. टाकीचं झाकण बंद, विडी-सिगारेट लांब. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

1. पेट्रोलबरोबर टेम्परेचरचा काटाही बंद असेल, तर आधी फ्यूज आणि दोघांना मिळणारा सामायिक सप्लाय बघा.
2. चावी बंद करून फ्लोटवरची वायर काढा. चावी चालू केली की काटा एका टोकाला गेला पाहिजे.
3. चावी बंद करून तीच वायर टाकीपासून लांब, बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला जोडा. चावी दोन-तीन सेकंदच चालू करा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत. अजिबात हलला नाही, तर मीटर, वायर किंवा सप्लाय तपासा.
4. मीटर ठीक निघाला तर चावी बंद करून वायर परत फ्लोटला लावा. मग फ्लोटच्या वरच्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थ वायर जोडा आणि चावी चालू करा. काटा बरोबर दाखवू लागला, तर दोष गंजाचा. स्क्रू आणि पत्रा घासून साफ करा.
5. तरीही नाही, तर फ्लोट बाहेर काढावा लागेल. ते काम बॅटरी सोडवून, जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या.

बघा, यात नवा पार्ट शेवटी लागतो. आधी लागतो तो एक मल्टिमीटर, पॉलिश पेपर आणि थोडा धीर. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही गेली. कारखाना बंद झाला, तरी गाडी उघडून समजून घेणारे हात गावात असतील तर ती चालत राहते. वालचंदांची सगळी धडपड हे हात इथंच तयार व्हावेत यासाठी होती, असं मला वाटतं. तुमच्या घरी, मामाकडे किंवा शेजारी अशी गाडी उभी असेल, तर भंगारात द्यायच्या आधी एकदा तिचा अर्थचा स्क्रू घासून बघा.