लहरींचे अभ्यासक : सर चंद्रशेखर वेंकट रामन



घुग्घुसच्या वस्तीत फजरची अजान होते, तेव्हा आपण घराच्या भिंतींआड असतो. मुअज्जिन दिसत नाही. त्याची हाक मात्र भिंतींना वळसा घालून आपल्यापर्यंत पोहोचते. आवाज वळतो आणि प्रकाश वळत नाही, असे का? मुले असलेल्या घरात असा प्रश्न कधी ना कधी विचारला जातो आणि बहुधा मोठ्यांच्या दटावणीने तिथेच संपतो. आकाश व धरतीच्या रचनेवर, रात्र आणि दिवसाच्या फेऱ्यावर चिंतन करण्याचे आवाहन पवित्र कुरआन करतो. मग असा प्रश्न दडपणे आपणास शोभत नाही. अशाच प्रश्नांपायी आयुष्य वेचलेल्या एका भारतीयाचे चरित्र आपणापुढे ठेवीत आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच, १९०६ साली, त्यांचा पहिला शोधनिबंध इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयताकृती फटीतून जाताना प्रकाश कडेला किंचित वळतो, हाच त्याचा विषय होता. म्हणजे प्रकाशही वळतो. पण अत्यंत अल्प.

याचे कारण समजून घेऊ. वर्धा नदीच्या संथ पात्रात खडा टाकला की तरंग काठापर्यंत जातात. पाण्यावरचे पान मात्र जागच्या जागी वरखाली होते. पाणी पुढे जात नाही, केवळ हालचाल पुढे सरकते. यालाच लहर म्हणतात. आवाज ही हवेच्या दाबाची लहर असून ती सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. प्रकाशाच्या लहरीला माध्यम लागत नाही. ती पोकळीतून सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. मानवी आवाजाच्या लहरी वीतभरापासून तीन मीटरपर्यंत लांब असतात, म्हणून दारे-खिडक्यांच्या कडांवरून त्या सहज वळतात. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तिचे वळणे डोळ्यांना जाणवत नाही.

१९०७ साली रामन कलकत्त्यात सरकारच्या लेखा विभागात अधिकारी झाले. दिवसा हिशेबाची वही आणि सकाळ-संध्याकाळ तेथील विज्ञान संस्थेतील प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. १९१० साली त्यांची बदली नागपूरला झाली. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच मध्यप्रांतात होता. वर्षभरातच ते कलकत्त्याला परतले आणि १९१७ साली मोठ्या पगाराची नोकरी सोडून कमी वेतनावर विद्यापीठात प्राध्यापक झाले.

सोलापूरपलीकडे विजापुरात मुहम्मद आदिलशहाची कबर असलेला गोल घुमट आहे. सुमारे ३८ मीटर व्यासाच्या त्या घुमटाच्या सज्जात एका बाजूस कुजबुजले, तर समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. आवाजाच्या लहरी वक्र भिंतीवरून पुन्हा पुन्हा परावर्तित होत तिला बिलगून फिरतात, म्हणून त्या विरून जात नाहीत. लंडनच्या सेंट पॉल चर्चसह अशा वास्तूंचा अभ्यास रामन यांनी १९२२ च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात हा घुमटही होता.

१९२१ साली युरोपहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना विचारात टाकले. हे आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे तेव्हा मानले जाई. रामन यांनी विशिष्ट स्फटिकातून पाहून प्रतिबिंबाचा प्रकाश अडविला. तरीही निळाई उरली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांच्या ध्यानी आले. याच वाटेने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सहकारी कृष्णन यांच्यासह मोठा शोध लागला: द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपली लहरलांबी बदलतो आणि तो बदल प्रत्येक पदार्थाची ओळख सांगतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे नागेंद्रनाथ यांच्यासह त्यांनी द्रवातील अतिसूक्ष्म ध्वनिलहरी प्रकाशाला कशा वळवितात, याचा सिद्धांत मांडला.

परंतु वाचकहो, थोरांच्या चुकाही सांगाव्या लागतात. १९३३ साली ते बंगलोरच्या विज्ञान संस्थेचे प्रमुख असताना मुंबईच्या कमला भागवत यांनी प्रवेश मागितला. केवळ स्त्री आहे म्हणून रामन यांनी नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनी पुढे मुलींसाठी दार उघडले. याच कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या. समुद्राला प्रश्न विचारणारा माणूस एका मुलीच्या प्रश्नापुढे दार लावून बसला होता, हे विसरू नये.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन यांचे निधन झाले. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनीही प्रकाशाची परीक्षा प्रयोगाने घेतली होती. तो वारसा आपलाही आहे. इल्म मिळविणे मुलगा आणि मुलगी दोघांचेही कर्तव्य आहे. उद्या आपल्या मुलीने अजान ऐकून असा प्रश्न विचारला, तर तिला गप्प करू नका. तिच्यासोबत नदीकाठी जा आणि पाण्यात एक खडा टाका.

अल्लाह आपल्या मुला-मुलींना लाभदायक ज्ञान प्रदान करो. आमीन.